भागरथाबाईचा वर्षाचा गूळ

फोन वसंताचा होता. सकाळची वेळ, मी कणीक मळत होते, हात पिठात बुडालेले, म्हणून सुनेनं फोन माझ्या कानाला धरला. वसंता माझा धाकटा भाऊ, गावी आमच्या घरी राहतो आणि कामाशिवाय कधी फोन करत नाही. "ताई, बाई गेली," तो म्हणाला. आणि लगेच पुढे, जणू एवढं सांगितल्याशिवाय बातमी अपुरीच राहिली असती, "पण सकायी निंबापावतर जाऊन आली व्हती." खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी यायच्या आधी माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे पुरं केलं बाईनं!" सुनेनं चमकून माझ्याकडे पाहिलं. घरात कोणी गेल्यावर असा आनंदाचा आवाज काढणारी सासू तिनं कधी पाहिली नसेल. पलीकडे वसंता रडतही होता आणि हसतही होता. "हो ना ताई, पुरं केलं. आली, पाणी पेली, खाटीवर आडवी झाली, बस."

बाई म्हणजे आमची आत्या, भागरथाबाई. बापूंची, म्हणजे माझ्या वडिलांची, मोठी बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. गावात तिला सगळे बाईच म्हणत, म्हणून आम्ही भावंडंही. गेली तेव्हा नव्वदी कधीच ओलांडलेली होती. गेल्या पाडव्याला तिनं सांगितलं होतं की यंदा मी रोज अंगणातल्या कडूनिंबापर्यंत जाऊन परत येईन. ओसरीपासून ते झाड पंचवीस पावलंही नाही. पण गुडघे साथ देईनात, काठी एका हातात, दुसरा भिंतीला. तिच्यासाठी ती काशीयात्राच होती. आणि बाई एकदा बोलली की ते व्हायचंच, कारण न होणारं ती बोलतच नसे. हे सगळं समजायचं तर आमच्या घरचा पाडवा सांगायला हवा.

पाडव्याला कडूनिंब सगळेच खातात. त्यात गूळ, जिरं, चण्याची डाळ घालतात, चिमूटभर जिभेवर ठेवतात आणि तोंड वाकडं करून श्रीखंडाकडे वळतात. बाईनं मात्र आपलं वेगळंच शास्त्र काढलं होतं. ओसरीच्या कोपऱ्यात दगडी पाटा होता. त्यावर ती कोवळा पाला नुसत्या मिठाबरोबर वाटायची. मग घरातल्या प्रत्येकानं पुढे येऊन, नव्या सालात आपण काय करणार ते सांगायचं. बात जेवढी मोठी, गोळी तेवढी मोठी. लहानसहान गोष्ट असेल तर बोराएवढी, जरा फुशारकी असेल तर आवळ्याएवढी. ती गोळी डोळ्यांसमोर आली की भलेभले शुद्धीवर येत. आणि गूळ? गूळ वर्षभरानं! बोललेलं ज्यानं करून दाखवलं त्याला पुढच्या पाडव्याला डब्यातला खडा मिळायचा, तोही आपल्या हातानं घ्यायचा नाही, दुसऱ्यानं भरवायचा. "आपल्या कामाची साक्ष आपण देत नसते," ती म्हणायची.

मी अकरा वर्षांची असताना मोठ्या ऐटीत पुढे झाले होते. "मी वर्गात पहिला नंबर आणीन!" बाईनं शांतपणे आवळ्याहून मोठा गोळा वळायला घेतला. मी घाबरून म्हटलं, बरं, दुसरा. गोळा तेवढाच. "तर मग नुसती पास होईन." बाईनं हात थांबवला. "पोरी, काय होशील ते नको सांगू. काय करशील ते सांग. नंबर गुरुजी देईन, तो काई तुह्या हातात नाई." पुष्कळ घासाघीस झाली आणि शेवटी ठरलं की मी रोज दिवा लागायच्या आधी धड्याचं एक पान मोठ्यानं वाचीन. गोळी बोराएवढी झाली. मला ते फारच किरकोळ वाटलं होतं, पण पुढच्या पाडव्याला बाईनं गुळाचा खडा माझ्या तोंडात घातला तेव्हा मी अख्ख्या गावात जीभ दाखवत फिरले होते.

आता बापू. आमचे बापू म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला! माणूस सोन्यासारखा, कष्टाला वाघ, पण बोलायला लागले की गाव गोळा व्हायचं. आणि बोलताना त्यांचा उजवा हात वर जायचा. जायचाच. त्यांना शब्द आणि तो हात वेगळा करताच येत नसे. हातात चहाची कपबशी असली तर आई आधीच फडकं घेऊन उभी राहायची. बाजारात ताकवाल्या बाया त्यांना येताना पाहून आपली मडकी बाजूला सरकवत. आम्ही सगळे त्या हाताला हसत असू, पण तो हात एक दिवस आमची बैलांची जोडी घालवायला निघेल हे कोणाच्या मनात आलं नव्हतं.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. तेव्हा जिल्हा चांदाच होता, गडचिरोली वेगळा व्हायचा होता, मालगुजारी नुकतीच गेली होती. आमचं गाव सिंदेवाहीपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाचं. संक्रांतीनंतर, धान निघाला की रिकाम्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या शेतांत, शंकरपट भरायचा. बैलांच्या जोड्यांची शर्यत हो! दोन जोड्या शेजारी शेजारी पळायच्या, प्रत्येकीची वाट वेगळी आखलेली, तिला दान म्हणत. आमच्याकडे पाखऱ्या आणि हिऱ्या अशी जोडी होती. पाखऱ्याची माय तो चार दिवसांचा असताना मेली. बाईनं त्याला तांदळाची पेज बोटानं चाटवून जगवलं होतं. तो बैल झाला तरी बाई दिसली की तिच्या पदरात तोंड खुपसायचा. ती जोडी वाऱ्यासारखी पळे, पण पटावर दर वेळी अर्ध्यात दान सोडून उजवीकडे वळे. त्या वर्षी तर थेट मुरमुऱ्यांच्या दुकानात शिरली. मुरमुरे उडाले, बाया किंचाळल्या आणि सगळा पट पोट धरून हसला.

सिंदेवाहीचे करीमभाई, ज्यांचं किराण्याचं दुकान होतं आणि ज्यांची जोडी त्या मुलखात नावाजलेली होती, ते हसत हसत बापूंना म्हणाले, "नथ्थूभाऊ, जोडी अच्छी हाय, पण पट तिकडं व्हता!" त्यात वाईट काही नव्हतं, मोठा दिलदार माणूस. पण बापूंना झोंबलं. हात वर गेला. "पुढच्या साली याच पटावर पयला नंबर आणीन! नाई आणला तर हे जोडी तुमच्या दावणीले नेऊन बांधीन!" आमच्याकडे पटावर, चार गावांच्या तोंडावर दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ. मी बाईजवळ उभी होते. तिच्या हातातलं उसाचं कांडं तसंच राहिलं. घरी येईपर्यंत गाडीत ती मागे बसून नुसती पाखऱ्याच्या पाठीकडे बघत होती. जोडी गेली तर काय होईल हे तिला विचारायची माझी छाती झाली नाही.

पाडवा आला. बापू पाट्यासमोर बसले आणि म्हणाले, "पयला नंबर!" बाईनं पाट्यावरचा सगळाच्या सगळा पाला गोळा केला आणि लहान नारळाएवढा गोळा त्यांच्यापुढे धरला. बापू हट्टी. त्यांनी अर्धा गोळा तोडून तोंडात कोंबला. गाल फुगले, डोळे भरले, कान लाल झाले! आम्ही हसून लोळत होतो. बाई मात्र हसली नाही. "थुकू नको. आता तुले बोलता येत नाई, तर आयक. पयला नंबर तुह्या हातात हाय का? करीमभाईची जोडी किती पळन, ते तुह्या हातात हाय का? तुह्या हातात दोन कासरे हायेत, नथ्थू. त्यायचं बोल." बापूंनी मान खाली घातली आणि गिळला तो घास, एकदाचा.

दुसऱ्याच बाजाराला बाई मला घेऊन सिंदेवाहीला गेली, सरळ करीमभाईंच्या दुकानात. म्हणाली, "भाऊ, माह्या भावानं आंगापेक्षा मोठी बंडी शिवली. ते कमी करून मागाले आली." नंबर नको, आमची जोडी पटाच्या शेवटापर्यंत दान न सोडता आली तर शब्द पुरा झाला असं समजा, एवढंच तिचं मागणं. करीमभाई मोठ्यानं हसले. आमची जोडी दान न सोडता पळणं म्हणजे त्यांना म्हशीनं शिडी चढण्यासारखं वाटलं असावं. "मंजूर, बाई. पण सोडली तर?" "तर मंग मीच आणून बांधीन," बाई म्हणाली. हे म्हणताना तिचा आवाज जरासा बसला. करीमभाईंनी हसणं थांबवलं आणि मला खडीसाखर दिली.

आणि मग सुरू झालं आमचं साल! काय साल होतं ते... आजही आठवलं की अंगात वारं शिरतं. बाईनं एका मोठ्या कामाचे सणावारी तुकडे केले. अक्षयतृतीयेपर्यंत जोडीनं जू खांद्यावर घेताना स्थिर उभं राहायचं, एवढंच. राहिली. पोळ्याला ढोलताशांच्या गर्दीत बुजायचं नाही, एवढंच. कारण सगळ्यांचं मत असं की पाखऱ्या लोकांच्या आवाजाला बुजतो, म्हणून वळतो. बाई रोज त्याच्यासमोर परात वाजवायची, आम्ही पोरं डबे बडवायचो, आईचं डोकं उठायचं. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली ढोल असा घुमत होता की माणसं दचकत होती, आणि आमचा पाखऱ्या डोळे अर्धे मिटून रवंथ करत उभा! आम्ही उड्या मारल्या. जोडी वाचली, असंच आम्हाला वाटलं.

दिवाळीनंतर हलका धान निघाला आणि बापूंनी पहिल्यांदा रिकाम्या बांधीत छकडा जुंपून जोडी सोडली. बांधीत आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. गर्दी नाही, ढोल नाही. बापू ओरडले, "हाऽऽऽ माह्या राजा!" जोडी उधळली आणि अर्ध्या बांधीत उजवीकडे वळून बांधावर आदळली. छकडा उलटला, बापू तणसाच्या, भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात. लागलं नाही, पण तोंड पाहवत नव्हतं. "पाखऱ्याच खोटा हाय, बाई," ते म्हणाले, "मीच गमावली तुही जोडी." बाईनं पदर खोचला, छकडा सरळ केला, स्वतः चढली आणि दोन्ही कासरे धरून, तोंडातून चकार शब्द न काढता जोडी सोडली. सूत धरल्यासारखी सरळ गेली ती! बापू बघतच राहिले. पुन्हा बापू चढले, पुन्हा उजवीकडे. तिसऱ्यांदाही तेच. बाई बांधावर बसली आणि म्हणाली, "नथ्थू, कसं झालं ते मले सांग बरं." बापू सांगायला लागले, "अवं, मी सोडली, आवाज देल्ला आन् हे..." उजवा हात वर! बाईनं त्या हाताकडे पाहिलं, पाखऱ्याकडे पाहिलं आणि ती जी हसत सुटली, ती बांधावर आडवी झाली. "हात पाह्य! नथ्थू, आपला हात पाह्य!"

बैल खोटा नव्हताच. बापू ओरडले की हात वर, हात वर की उजवा कासरा ताणला, कासरा ताणला की गरीब पाखऱ्या मुकाट्यानं उजवीकडे. धनी सांगतो तिकडे तो जात होता आणि धन्याला ठाऊकच नव्हतं की आपण काय सांगतो आहोत. ओरडताना हात खाली ठेवून पाहिला, जमेना. हात बांधावा तर कासरा कोण धरणार? बाईनं जोडी हाकावी असं मी सुचवलं. ती म्हणाली, "मले येते हाकता. पण जबान त्याची व्हती, तर जोडीबी त्यालेच हाका लागन." राहिला एकच उपाय. जोडी सुटल्यापासून पट संपेपर्यंत बापूंनी तोंड उघडायचं नाही. "जमन का रे?" बाईनं विचारलं. "हॅट! त्यात काय येवढं!" बापू म्हणाले, आणि हात वर गेला.

हसू नका, पण आमच्या बापूंसाठी पहिला नंबर आणणं त्याहून सोपं होतं. सगळा पौष त्यांनी मुकेपणाचा सराव केला. चौथाई बांधीत गप्प राहिले तर आम्ही टाळ्या वाजवायचो. मग अर्धी बांधी. पूर्ण बांधी मात्र एकदाही जमली नाही, शेवटी शेवटी त्यांच्या तोंडून "हा" निसटायचाच. पटाच्या आदल्या दिवशीही निसटला. त्या दिवशी बाईनं पाखऱ्याला स्वतःच्या हातानं आंघोळ घातली आणि बराच वेळ त्याच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली.

पट! काय ती गर्दी, काय तो धुरळा, झाडांवर माणसं, गाड्यांच्या चाकांवर माणसं! आमची जोडी लागली ती नेमकी करीमभाईंच्या जोडीशेजारी. बापू छकड्यावर चढले आणि लोकांकडे वळून काहीतरी बोलणारच होते, तोंड उघडलंसुद्धा, तेवढ्यात बाई चाकावर पाय देऊन चढली आणि पदरातून काढलेली गोळी तिनं त्यांच्या तोंडात कोंबली. थंडीतला जून पाला, पाट्यावर वाटलेला, चांगली आवळ्याहून मोठी गोळी! "हे संपल्याबिगर तोंड उघडू नको," ती म्हणाली आणि खाली उडी मारली. निशाण पडलं. दोन्ही जोड्या सुटल्या! लोक ओरडत होते, "हाक नं, नथ्थू, हाक!" बापूंचे गाल फुगलेले, डोळ्यांतून पाणी वाहतंय, मिशा हिरव्या झालेल्या, आणि तोंडातून आवाज नाही. करीमभाईंची जोडी पुढे निघाली. त्यांच्या छकड्यावरचा धुरकरी आरोळी देत होता. अर्ध्यावर, नेमक्या त्याच जागी, बापूंचं कोपर उचललं गेलं... मी पाहिलं. बाईनंही पाहिलं. ती पटाच्या कडेनं धावत होती, स्वतःच्या तोंडावर हात दाबून, जणू तिनं आपलं तोंड बंद ठेवलं की भावाचंही बंद राहील. कोपर क्षणभर तसंच राहिलं आणि खाली आलं. पाखऱ्या सरळ गेला. सरळ, सरळ, सरळ, शेवटच्या खुंटापलीकडे गेला!

आम्ही हरलो होतो. करीमभाईंची जोडी कितीतरी पुढे जाऊन उभी होती, आणि नाचत होतो आम्ही! आई नाचत होती, मी नाचत होते, आमचं अख्खं गाव नाचत होतं. जिंकलेल्यांना कळेना काय झालं ते. करीमभाई आले, त्यांच्या ताटातला गुलाल उचलून त्यांनी बापूंच्या कपाळाला लावला. "नथ्थूभाऊ, जितलो मी आन् नाचून राह्यले तुमी! ने बाबा जोडी घरी." बापूंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आत सगळं हिरवंगार. आणि बाईनं पाडव्याची वाट न बघता कमरेच्या पिशवीतून गुळाचा खडा काढून त्यांच्या तोंडात घातला. "बोल आता," ती म्हणाली, "आता कितीबी बोल." आणि आयुष्यात पहिल्यांदाच बापूंना बोलता आलं नाही. ते पाखऱ्याच्या गळ्यात पडून लहान मुलासारखे रडले. बाईही रडली, मग पदरानं त्यांच्या मिशा पुसत बसली.

पहिला नंबर आमच्या जोडीनं पुढेही कधी आणला नाही. पण पाखऱ्या म्हातारा होऊन आमच्याच दावणीला गेला. मी मास्तरीण झाले, चांद्याला माझ्या संसारात आले, आणि दर नव्या सालाला माझ्या हातून मोठमोठे बेत रचले जातच राहिले; बापाचं रक्त, जाणार कुठे? पण बेत रचला की तोंडात आपोआप कडू चव यायची आणि मी विचारायची, यात माझ्या हातातले कासरे कोणते? बापू गेले, आई गेली. बाई मात्र दर पाडव्याला पाट्याशी बसत राहिली. तिच्या स्वतःच्या गोळ्या वयाबरोबर लहान लहान होत गेल्या. कधी आंब्याची दोन कलमं, कधी चष्मा जागच्या जागी ठेवणं. आणि गेल्या वर्षी तो निंब. गोळी वळली ती मुगाएवढी. "येवढीशी?" मी विचारलं होतं. "येवढंच जमते नं आता मले," ती हसून म्हणाली, "तर जमते तेवढं पुरं करीन."

ती गेली तेव्हा पाडवा चार आठवड्यांवर होता. यंदा आम्ही सगळे गावी जमलो. वसंताच्या बायकोनं पाटा धुतला, पाला वाटला. सर्वांत आधी बाईचा गूळ द्यायचा होता, कारण तिनं आपलं साल पुरं केलं होतं आणि आपल्या हातानं घ्यायचा नाही हा नियम तिचाच. मी डब्यातला खडा घेतला, ओसरीवरून तिच्याच वाटेनं चालत गेले आणि ती रोज जिथे हात टेकायची त्या बुंध्याशी ठेवला. तेव्हा मात्र मला फार रडू आलं. मग परत येऊन आम्ही ओळीनं बसलो. माझी पाळी आली, आणि मी जाहीर केलं, "मी यंदा बाईवर पुस्तक लिहीन! मोठं पुस्तक!" वसंता खुदकन हसला, मग त्याची बायको, मग माझी सूनसुद्धा. मला कळेना काय झालं. वसंतानं नुसतं बोट दाखवलं. माझा उजवा हात वर होता.

मी तो खाली घेतला. पाट्यावर वळून ठेवलेल्या मोठ्या गोळ्यातून बोराएवढी गोळी तोडली आणि म्हटलं, "एक लेख लिहीन." आणि गिळली.

हा तो लेख. काल रात्री जेवणं झाल्यावर वसंताला फोनवर सबंध वाचून दाखवला. पलीकडे डब्याचं झाकण वाजलं, मग तो म्हणाला, "ताई, गूळ काढून ठेवला हाय. घ्याले येजो." मी येते म्हणाले, आणि म्हणता म्हणता आपला हात पाहिला. मांडीवर होता.